बीसीएल११ए: बाटलीतलं प्रोटीन, सिकलसेल आणि 'हे मागवता येईल का?'

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, चार वाक्यं वाढवलीत. बाकी जसं बोललो तसंच.)

आज कुठलं अ‍ॅप नाही, कुठला फोन नाही, एआय तर अजिबात नाही. आजचा विषय एका मेसेजमधून आलाय.

गोंदिया जिल्ह्यातल्या एका श्रोतीनं मला मेसेज केला. तिचं नाव सांगत नाही. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे वाहक नाही, प्रत्यक्ष आजार. तिनं रात्री जागून इंटरनेट पालथं घातलं. तिला कळलं की सिकलसेलच्या नव्या उपचारात 'बीसीएल११ए' नावाची काहीतरी भानगड आहे. पुढे शोधता शोधता तिला एक पान सापडलं. तिथे 'रिकॉम्बिनंट ह्यूमन बीसीएल११ए प्रोटीन' चक्क विकायला होतं. छोटी बाटली, मायक्रोग्रॅममध्ये वजन, ऑर्डरचं बटण. तिनं लिंक पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली: "दादा, हे आपल्याला मागवता येईल का?"

मी तिला लगेच उत्तर दिलं, नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून सोडून देणं मला बरं वाटेना. कारण तिचा शोध बराचसा बरोबर दिशेनं गेला होता. नाव बरोबर होतं, आजार बरोबर होता. फक्त शेवटचं वळण उलटं होतं. ते उलटं का, हे समजून घेतलं की जनुकं, प्रोटीन, औषध आणि लॅबमधलं सामान यांतला फरक एकदम लख्ख होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. उपचाराचं काय ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. मी इथे फक्त यंत्रणा समजावून सांगणार आहे.

सिकलसेल म्हणजे एका अक्षराचा बग

आपल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळी कशी बनवायची याचा कोड बीटा ग्लोबिनच्या जनुकात असतो. सिकलसेलमध्ये त्या कोडमधलं एक अक्षर बदललेलं असतं. 'ए'च्या जागी 'टी'. बस. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं.

आता तुम्ही म्हणाल, एका अक्षरानं काय एवढं? कोड लिहिणाऱ्यांना विचारा! एक अर्धविराम चुकला की अख्खा बिल्ड कोसळतो. इथे असं होतं की ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करतं. त्या दोऱ्यांनी पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी होते. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कमी. आणि या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून त्या असह्य कळा. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्यांना 'क्रायसिस' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हा आजार विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, गडचिरोलीत नवीन नाही. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत तो पिढ्यान् पिढ्या आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते.

१९४८ सालचं एक साधं निरीक्षण

आता गोष्ट अमेरिकेत जाते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. १९४८ मध्ये त्यांनी एक गोष्ट नोंदवली. ज्या बाळांना सिकलसेल आहे, त्यांच्या रक्तात अगदी सुरुवातीच्या महिन्यांत वाकड्या पेशी फारच कमी दिसतात. त्रासही नसतो. काही महिने उलटले की मग सगळं सुरू होतं.

असं का? वॉटसन यांचा अंदाज होता की बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं आणि तेच त्याला वाचवतं. अंदाज बरोबर निघाला.

म्हणजे बघा, आईच्या पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. त्यात दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या असतात. बीटा नाहीतच! बीटाच नाही म्हटल्यावर बीटातला बग तिथे चालणार कसा? वर आणखी फायदा असा की हे गॅमावालं हिमोग्लोबिन त्या चिकट दोऱ्यांमध्ये सामीलच होत नाही, उलट दोऱ्या वाढण्यात अडथळा आणतं. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमा बंद करतं, बीटा चालू करतं. आपल्या सगळ्यांत हे घडतं. निरोगी माणसाला काही फरक पडत नाही. सिकलसेलवाल्या बाळाचं मात्र संरक्षण निघून जातं.

पण गॅमाचं जनुक कुठे जात नाही. ते तिथेच असतं, मरेपर्यंत, प्रत्येक पेशीत. अगदी व्यवस्थित, काही बिघाड नसलेलं. फक्त बंद. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड डिलीट केलेला नाही, फीचर फ्लॅग ऑफ केलाय.

मग पुढच्या साठ वर्षांचा प्रश्न हाच होता: तो फ्लॅग ऑफ करतंय कोण?

दाबून ठेवणारा सापडला

२००७–०८ मध्ये हजारो लोकांचे जीनोम तपासून पाहणारे अभ्यास झाले. काही मोठ्या माणसांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा जास्त उरलेलं असतं. त्यांच्या डीएनएत काय वेगळं आहे, ते शोधायचं होतं. उत्तर हिमोग्लोबिनच्या जनुकांजवळ सापडेल असं वाटणं साहजिक होतं. काही भाग तिथे सापडलाही. पण एक ठळक खूण भलतीकडेच मिळाली. क्रोमोसोम २ वर, बीसीएल११ए या जनुकात. हे जनुक तोवर रक्ताच्या कॅन्सरवाल्या आणि बी-पेशींवाल्या संशोधकांना माहीत होतं. नावातलं 'बीसीएल' तिथूनच आलंय.

२००८ च्या शेवटी बॉस्टनमधल्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं, त्यात विजय शंकरन हे तरुण संशोधक पुढे होते, दाखवून दिलं की माणसाच्या लाल पेशी बनवणाऱ्या पेशींमध्ये बीसीएल११ए कमी केलं की गॅमा पुन्हा वर येतं. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांमध्ये लाल पेशींपुरतं हे जनुक बंद केलं, तर उंदरांचा आजार सुधारला.

म्हणजे बीसीएल११ए हा 'ट्रान्स्क्रिप्शनल रिप्रेसर' आहे. घाबरू नका, शब्द मोठा पण अर्थ साधा. जनुकावरून काम करून घ्यायचं तर आधी त्याची आरएनएमध्ये नक्कल काढावी लागते. ती नक्कल काढणं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन. ती काढू न देणारा म्हणजे रिप्रेसर. हे प्रोटीन गॅमाच्या जनुकासमोर जाऊन बसतं, सोबत आणखी काही प्रोटीनांची टोळी बोलावतं आणि ती टोळी तिथला डीएनए घट्ट गुंडाळून ठेवते. गोदामाचं शटर खाली ओढल्यासारखं. माल आत आहे, पण काढता येत नाही.

आता श्रोतीच्या प्रश्नाकडे एक मिनिट परत या. तिला सापडलेली बाटली कशाची होती? बीसीएल११ए प्रोटीनची. आणि तिच्या भावाला काय हवंय? बीसीएल११ए कमी व्हायला हवंय. समजा, फक्त समजा, ते प्रोटीन त्याच्या पेशींत पोहोचलंच, तर ते गॅमाचं शटर आणखी घट्ट ओढेल. औषधाच्या बरोब्बर उलट! नव्या उपचाराच्या बातमीत जे नाव येतं ते औषधाचं नसतं, ज्याच्यावर नेम धरलाय त्याचं असतं. ही चूक कुणाकडूनही होऊ शकते. गुगलला हा फरक कळत नाही, ते नाव जुळलं की पान दाखवतं.

मग ही बाटली बनते कशी?

ओके, आता मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग.

माणसाच्या पेशीतून हे प्रोटीन थेट काढणं म्हणजे समुद्रातून एक लोटा गोड पाणी वेगळं काढण्यासारखं. पेशीत हजारो प्रकारची प्रोटीनं, त्यात हे चिमूटभर. म्हणून दुसरी युक्ती. त्या प्रोटीनचा कोड उचलायचा, प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल कड्यात बसवायचा आणि ते कडं बॅक्टेरियात घालायचं. बहुतेक वेळा ई. कोलाय. दुसऱ्याच्या मशीनवर आपला कोड चालवणं! दोन ठिकाणचा डीएनए असा एकत्र जोडला की त्याला म्हणतात रिकॉम्बिनंट.

गंमत पुढे आहे. बॅक्टेरियाला नीट वाढू द्यायचं असेल तर सुरुवातीपासून त्याच्यावर परक्या प्रोटीनचं ओझं नको. आधी भरपूर वाढू दे, मग एका क्षणी उत्पादन चालू. यासाठी काय वापरतात माहितीये? दुसरा एक रिप्रेसर! त्याचं नाव लॅक रिप्रेसर. हा बॅक्टेरियाचा स्वतःचा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आसपास नसेल तेव्हा ती पचवणारी जनुकं बंद ठेवणं हे त्याचं मूळ काम. फ्रान्समधल्या फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये या यंत्रणेचा आराखडा मांडला, १९६५ मध्ये नोबेलही मिळालं. पण तोवर रिप्रेसर कुणी हातात धरलेला नव्हता. तो नेमका काय पदार्थ आहे यावरही वाद होता. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो वेगळा करून दाखवला आणि ते प्रोटीन निघालं. म्हणजे 'जनुक दाबणारी वस्तू खरंच असते' हे पटायला तेव्हाही ती वस्तू नळीत यावी लागली.

तर, लॅबमध्ये बॅक्टेरिया पुरेसे वाढले की त्यात आयपीटीजी नावाचं रसायन टाकतात. ते लॅक्टोजच्या नातेवाइकासारखं दिसतं. लॅक रिप्रेसर फसतो, डीएनए सोडून देतो आणि आपलं हवं ते प्रोटीन बनायला लागतं. थोडक्यात, माणसाचा रिप्रेसर बनवायचा तर आधी बॅक्टेरियाच्या रिप्रेसरला बाजूला बसवावं लागतं.

मग बॅक्टेरिया फोडायचे. आत सगळा रस्सा. त्यातून आपलं प्रोटीन काढायचं कसं? म्हणून कोड लिहितानाच त्याला एक शेपूट जोडून ठेवतात, टॅग म्हणतात. एक प्रसिद्ध शेपूट म्हणजे हिस्टिडिन या अमिनो अ‍ॅसिडचे सलग सहा मणी. हे मणी निकेलला चिकटतात. निकेल लावलेल्या बारीक मण्यांच्या नळीतून रस्सा ओतला की बाकीचं वाहून जातं, आपलं अडकतं. नंतर इमिडाझोल टाकून सोडवून घ्यायचं. एसटी स्टँडवर गर्दीतून आपलं सामान ओळखू यावं म्हणून बॅगेला लाल कापड बांधतो ना, तसंच आहे हे.

पण बीसीएल११ए अवघड गिऱ्हाईक आहे. त्याची लांब आवृत्ती ८३५ अमिनो अ‍ॅसिडची. एवढी मोठी मानवी प्रोटीनं बॅक्टेरियात बनवायला गेलं की ती बऱ्याचदा नीट घडी घालत नाहीत, गोळा होऊन बसतात. शिवाय माणसाच्या पेशी प्रोटीन बनवून झाल्यावर त्यावर फॉस्फेट वगैरे लहानसहान खुणा लावतात, त्या ई. कोलाय तशाच्या तशा लावत नाही. म्हणून संशोधक बरेचदा अख्खं प्रोटीन न बनवता हवा तेवढा तुकडा बनवतात. किंवा गव्हाच्या अंकुराचा अर्क, कीटकांच्या पेशी, माणसाच्या वाढवलेल्या पेशी असं दुसरं 'मशीन' वापरतात.

जस्ताची बोटं आणि सहा अक्षरं

हवा तेवढा तुकडा म्हणजे कुठला? जो डीएनए धरतो तो.

बीसीएल११एमध्ये 'झिंक फिंगर' आहेत, जस्ताची बोटं. प्रोटीनचा छोटा भाग जस्ताच्या एका अणूभोवती घट्ट वळतो. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडिन त्या अणूला चार बाजूंनी पकडतात आणि एक बोट तयार होतं. असं एक बोट डीएनएची साधारण तीन अक्षरं चाचपतं. ही रचना पहिल्यांदा १९८५ मध्ये बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रोटीनमध्ये लक्षात आली होती, इंग्लंडमध्ये अ‍ॅरन क्लुग यांच्या गटाला. आपल्या अंगात अशी बोटं असलेली शेकडो प्रोटीनं आहेत.

यामुळे एक प्रॅक्टिकल भानगड होते. लॅबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन सर्रास वापरतात, ते धातूचे अणू ओढून घेतं. डीएनए जपायला ते छान. पण झिंक फिंगरवाल्या प्रोटीनमध्ये ते जास्त पडलं तर जस्तच जातं, बोट सैल पडतं आणि प्रोटीन डीएनए धरेनासं होतं. बाटली तीच, लेबल तेच, वजन तेच, पण काम शून्य. आमच्याकडे 'माझ्या मशीनवर तर चालत होतं' म्हणतात, त्याचा हा लॅबमधला भाऊ.

आता मुख्य प्रश्न. २००८ नंतर हे माहीत होतं की बीसीएल११ए काढलं की गॅमा वर येतं. पण ते गॅमाच्या जनुकाला स्वतः हात लावतं, की दुसऱ्या कुणाला सांगून काम करवून घेतं? पेशीमध्ये पाहून हे ठरवणं कठीण, कारण तिथे गर्दीच इतकी. कुणी काय केलं कळत नाही. प्रॉडक्शन सर्व्हरवर शंभर सर्व्हिस एकाच वेळी धावत असताना बग शोधण्यासारखं. तिथे आपण काय करतो? एक सर्व्हिस वेगळी काढतो आणि रिकाम्या टेस्ट मशीनवर चालवून बघतो. शुद्ध केलेलं रिकॉम्बिनंट प्रोटीन म्हणजे तेच. नळीत फक्त प्रोटीन, डीएनए आणि मिठाचं पाणी. तिसरं कुणी नाही. आता चिकटलं, तर त्यानंच चिकटवलं.

२०१८ मध्ये ऑर्किन यांच्याच गटानं बीसीएल११एच्या बोटांचा तुकडा हजारो वेगवेगळ्या डीएनए क्रमांसमोर ठेवून पाहिला. त्यानं पसंत केलेली अक्षरं निघाली: टी-जी-ए-सी-सी-ए. सहा अक्षरांचा पासवर्ड. आणि हाच क्रम गॅमाच्या जनुकाच्या सुरुवातीच्या साधारण ११५ अक्षरं आधी बसलेला आहे. जवळच त्याची दुसरी प्रतही आहे, पण बीसीएल११ए लांबच्या प्रतीवर बसतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानंही तिथेच बोट ठेवलं.

यात एक सुंदर गोष्ट जुळून आली. काही कुटुंबांत मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन चालूच राहतं, हे डॉक्टरांना खूप आधीपासून माहीत होतं. त्यातल्या काहींच्या डीएनएत बरोबर याच ११५ च्या आसपास बदल होता. का, ते कळत नव्हतं. आता कळलं, त्यांच्याकडे पासवर्डच बदललेला होता! रिप्रेसर दारापर्यंत येतो, पण त्याला बसायला जागा सापडत नाही.

असं चिकटणं बघायची एक सोपी पद्धतही सांगतो. डीएनएच्या छोट्या तुकड्याला चमकणारी खूण लावायची, जेलीसारख्या पट्टीच्या एका टोकाला ठेवायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. मोकळा डीएनए भराभर पुढे सरकतो. प्रोटीन चिकटलेला डीएनए मागे रेंगाळतो. डोक्यावर पोतं घेतलेला माणूस गर्दीत मागे पडतो तसा. मग सहापैकी एक-दोन अक्षरं बदलून परत बघायचं. आता मागे पडला नाही, तर समजायचं की पकड त्या अक्षरांवरच होती. अशा कामासाठी ती मायक्रोग्रॅमची बाटली असते. कुणाच्या अंगात घालायला नाही.

'इन्सुलिनही असंच बनतं ना?'

हा प्रश्न तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात आला असेल, आणि बरोबर आहे. रिकॉम्बिनंट मानवी इन्सुलिन १९८२ पासून औषध म्हणून वापरात आहे, तेही ई. कोलायमध्ये बनवलं होतं. मग ते टोचलेलं चालतं आणि हे का नाही?

पहिलं कारण, इन्सुलिनचं काम पेशीच्या बाहेर आहे. ते पेशीच्या दारावरची बेल वाजवतं, पुढचं पेशी बघते. बीसीएल११ए काम करतं पेशीच्या आत, केंद्रकात, डीएनएवर. एवढं मोठं प्रोटीन रक्तात सोडलं तर ते पेशीचं आवरण ओलांडून आत जात नाही. घराच्या आतलं बटण दाबायला रस्त्यावर उभं राहून उपयोग नाही.

दुसरं, शुद्धता. औषधाचं इन्सुलिन ज्या कसोट्यांतून जातं त्यातली एकही या बाटलीला लागू नसते. ई. कोलायच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन रक्तात गेलं तर ताप, रक्तदाब कोसळणं, जीवावर बेतणं, सगळं होऊ शकतं. संशोधनाच्या बाटलीत ते काढलेलं असेलच असं नाही. म्हणून लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असतं: फक्त संशोधनासाठी, निदानासाठी किंवा उपचारासाठी नाही. ही ओळ अ‍ॅपच्या अटींसारखी न वाचता 'ओके' दाबायची नसते.

आणि तिसरं तर आधी सांगितलंच. कामच उलटं!

कॉलेजमध्ये बायोटेक करणाऱ्या श्रोत्यांसाठी एक छोटी टीप. अशी बाटली खरंच प्रोजेक्टसाठी मागवणार असाल तर चार गोष्टी आधी वाचा. एक, अख्खं प्रोटीन आहे की तुकडा, आणि तुकडा असेल तर त्यात तुम्हाला हवी ती बोटं आहेत का. दोन, कुठल्या मशीनमध्ये बनवलंय: बॅक्टेरिया, गहू, की मानवी पेशी. तीन, टॅग कुठला आणि कुठल्या टोकाला. चार, ते डीएनए धरतं हे तपासलंय, की फक्त जेलवर एक पट्टी दिसली म्हणून शुद्ध म्हटलंय. शुद्ध असणं आणि जिवंत काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी. आणि आल्यावर छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांत ठेवा. तीच बाटली पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की प्रोटीन बिघडतं.

मग खरा उपचार कुठे पोहोचलाय?

बीसीएल११ए सगळीकडे बंद करून टाकता येत नाही. मेंदूच्या वाढीला ते लागतं, बी-पेशींना लागतं, रक्ताच्या मूळ पेशींनाही लागतं. ज्या मुलांत जन्मतःच या जनुकाची एक प्रत निकामी असते त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं खरं, पण बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. म्हणून सरसकट नको, फक्त लाल पेशींपुरतं बंद हवं.

२०१३ मध्ये याची चावी मिळाली. बीसीएल११एच्या जनुकातच एक छोटा भाग आहे जो फक्त लाल पेशींच्या वंशात त्याचा आवाज वाढवतो, एन्हान्सर म्हणतात त्याला. क्रिस्परची कात्री तिथे मारली की लाल पेशींत बीसीएल११ए कमी, बाकी ठिकाणी तसंच. याच तत्त्वावरचा कॅसगेव्ही हा उपचार. ब्रिटननं १६ नोव्हेंबर २०२३ ला आणि अमेरिकेनं ८ डिसेंबर २०२३ ला त्याला मान्यता दिली. चाचणीत ज्यांच्यावर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं अशा ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र क्रायसिस आला नाही. क्रायसिसमुळे वर्षातून कितीदा तरी दवाखान्यात पडून राहणाऱ्या माणसाला हे वाक्य काय वाटत असेल, विचार करा.

पण खरं सगळं सांगायला हवं. हे इंजेक्शन घेऊन घरी जाण्यासारखं नाही. रुग्णाच्या मूळ पेशी काढतात, बाहेर बदलतात, मग जोरदार केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. दवाखान्यात आठवडेच्या आठवडे. पुढे मूल होण्यावर परिणाम होण्याचा धोकाही असतो. आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. गोंदियातल्या कुटुंबाला हा आकडा सांगताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर तंत्रावर काम चालू आहे. कमी खर्चात उपचार शक्य करणं हा त्यामागचा एक मोठा उद्देश.

आज, आत्ता काय आहे?

आज हातात असलेली गोष्ट म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. जुनं औषध, तुलनेनं स्वस्त गोळी. आणि तिचं एक मुख्य काम काय? गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवणं! म्हणजे १८ कोटींचा उपचार ज्या दिशेनं जातो, त्याच दिशेनं ही गोळी थोडी थोडी ढकलते. रस्ता वेगळा, पोच कमी, पण दिशा तीच. डोस वजनावर ठरतो आणि रक्त वेळोवेळी तपासावं लागतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाही.

आणखी एक. भारतातल्या बऱ्याच सिकलसेल रुग्णांमध्ये ज्या प्रकारचा डीएनए वारसा आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा सरासरीनं जास्त असतं. त्यामुळे काहींना त्रास सौम्य असतो. पण 'आपल्याकडे सौम्यच असतो' असं धरून गाफील राहू नका. विदर्भातही तीव्र त्रासाचे रुग्ण आहेत.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण विशी-पंचविशीतले आहात. सिकलसेल असलेल्या भागातले किंवा समाजातले असाल तर लग्नाआधी ही एक तपासणी करून घ्या, जोडीदारालाही सांगा. वाहक असणं हा आजार नाही, लाज तर अजिबातच नाही. फक्त माहीत असायला हवं.

त्या श्रोतीला मी शेवटी एवढंच लिहिलं: "ताई, ती बाटली मागवू नकोस. पण तू शोधलेलं नाव बरोबर आहे. पुढच्या वेळी भावाला दाखवायला नेशील तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न विचार: याचं एचबीएफ किती आहे, आणि हायड्रॉक्सियुरियाचा डोस याच्या आत्ताच्या वजनाप्रमाणे आहे ना?"

दोन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. भावाचं वजन वाढलं होतं, डोस जुनाच चालू होता. डॉक्टरांनी रक्त तपासून तो बदलला. शेवटी तिनं लिहिलं होतं, "दादा, त्यांनी मला विचारलं, एचबीएफबद्दल तुला कसं माहीत?"

चला मंडळी, आज इथेच थांबतो. घरात किंवा ओळखीत कुणाला सिकलसेल असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. आणि रात्री दोन वाजता काही सापडलं, तर ऑर्डरचं बटण दाबण्याआधी कुणाला तरी विचारा. मला विचारलंत तरी चालेल. भेटू पुढच्या एपिसोडला!